खिशाची जागा

आज काहीच सुचलं नाही.
फरशीवर चौकोन मांडले, उचलले,
पुन्हा मांडले. तेवढ्यात डाळ करपली.

बोनकोड्याचा टेलर मुस्तकीम
गणवेशांची कात्रणं देतो, पिशवीभर, फुकट.
सगळी एकाच चौकड्यांची.
किती दिवस भांडले मी त्यांच्याशी.

आता भांडत नाही.
रोज एक दोरा ओवते, सुचो न सुचो.
सुईला गंज चढू द्यायचा नाही, एवढंच.
बाजारात वांग्यांशेजारचे दोडके बघत उभी राहते,
भाजीवाली म्हणते, वैनी, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?

परवा वरच्या मजल्यावरची शर्वी धावत आली,
तिच्या पायाने निळा तुकडा सरकला
आणि नेमका तिथे बसला
जिथे महिनाभरात मी एकदाही ठेवला नव्हता.

निळा म्हणजे ह्यांचा युनिफॉर्म.
रबाळ्याची कंपनी बंद पडली, कापड टिकलं.
खिसा उसवणार होते,
ब्लेडसुद्धा हातात घेतलं होतं.

नाही उसवला.
भोवतीने धावदोरा घातला, तोंड उघडं ठेवून.

रात्री झोपेत ह्यांचा हात
गोधडीवर चाचपडत येतो,
खिशात शिरतो, थांबतो.
हजेरीचं कार्ड शोधत असेल.

उद्या त्यात एक बटण टाकून ठेवीन.