बदली

तिच्या स्टुलाची उंची मी बदलली नाही.
पाय जमिनीला टेकत नव्हते, तरी.
हॉलिस म्हणाला होता, बारा आठवडे, फार तर.
मग ती येईल. कायदा आहे तसा.
जागा तिचीच.

टोलीडोत, नदीच्या अंगाला, बाटल्यांचा कारखाना.
लोणच्याच्या, सिरपच्या, खोकल्याच्या औषधाच्या
पांढऱ्या दिव्यासमोरून एकेक सरकत जाते
आणि आपण तडा शोधायचा.
केसाएवढा तडा. बुडबुडा. वाकडी मान.
दिसला की बोटाने ढकलायची.
खाली फुटल्याचा आवाज येतो,
तोवर पुढची समोर.

लॉकरवर चिकटपट्टी: एल. शिम्चाक.
आत एक स्वेटर, पिळून संपत आलेली क्रीमची ट्यूब,
दाराच्या आतल्या अंगाला मुलाचा फोटो,
पुढचे दोन दात पडलेले.
माझा डबा मी त्याच्याखाली ठेवायचे.

जेवणाच्या सुट्टीत बातमी यायची.
कॅझच्या पेशी उतरल्या. कॅझच्या पेशी चढल्या.
ताप. आज ताप नाही.
कुणीतरी कॉफीच्या डब्याला भोक पाडून फिरवला,
कारण कायदा जागा राखतो,
पगार राखत नाही.
मीही पाच डॉलर टाकले.
टाकताना सगळे माझ्याकडे बघत होते,
की मलाच तसं वाटलं?

सातव्या आठवड्यात मी हिशेब केला.
पोरगा वेळेत सावरला, तर ती परत, मी बाहेर.
बारा आठवड्यांच्या पुढे एक दिवस जरी गेला
तर कायद्याचा हात सुटतो,
आणि हॉलिसला मी आवडते. माझा हात जलद आहे.

मरण नको होतं मला त्याचं. देवाशपथ नको होतं.
फक्त थोडं आणखी आजारपण.
आठवडाभर. दोन.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात,
ते आईच्या मनाबद्दल.
मी आईही होते आणि वैरीही,
एकाच स्टुलावर, लोंबकळत्या पायांनी.

आणि मग आठव्या आठवड्यात, बुधवारी रात्री,
माझ्या इमोजनचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.
पहाटे चारपर्यंत तोंडावर मास्क, वाफ,
तिची नखं निळसर, माझा अंगठा तिच्या मुठीत.
हॉस्पिटलच्या जिन्यातून एजन्सीला फोन केला.
पलीकडची बाई गोड बोलली.
वर्ष भरलं का तुमचं? बाराशे पन्नास तास?
माझे तीनशे चार.
मग तुम्ही बसत नाही त्यात, म्हणाली,
जणू एखादा ड्रेस मला होत नव्हता.

सकाळी मिसेस ओकाफोरच्या सोफ्यावर लेकीला निजवून
मी सात वाजता दिव्यासमोर बसले.
त्या दिवशी खूप बाटल्या ढकलल्या.
काही चांगल्या होत्या.

ती अकराव्या आठवड्यात आली, गुरुवारी, न कळवता.
फोटोपेक्षा बारीक. बुटांना अजून हॉस्पिटलचं निळं कव्हर,
काढायचं राहून गेलेलं.
कॅझला डोक्यावर लव फुटतेय, म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.
वेगळ्याच रंगाची.

मी उठले. डबा काढून घेतला.
चिकटपट्टीला हात लावला नव्हता, ते तिने पाहिलं.
ती बसली. तिचे पाय बरोब्बर टेकले.
मग खाली वाकून दांडा चाचपला,
आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली,
तुझे टेकत होते का गं?

इतक्या आठवड्यांत इथे मला कुणी
काही विचारलं नव्हतं.
मी सांगू लागले, आणि थांबता येईना.
इमोजन. जिना. तीनशे चार.
तो हिशेब मात्र नाही सांगितला.

बाटल्या पुढे सरकत होत्या,
आम्हा दोघींची पाठ दिव्याकडे.
सहा-सात तरी तशाच गेल्या असतील,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात,
न तपासता.