चार मिनिटं

एसी बंद केला की आपल्याकडे चार मिनिटं असतात.
पाचव्या मिनिटाला शाजी कूस बदलतो,
सहाव्याला मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटतो
ज्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

शारजा, रोला, चौथा मजला.
चार खाटा, माणसं पाच, एकजण पाळीने झोपतो.
कपाटाच्या उजव्या दाराआड
दोन ब्लँकेटं, लवूचा लग्नातला कोट,
आणि मधोमध एकशेवीस दिरहमचा माईक
रोहेलिओकडून घेतलेला.
दुबईच्या खाडीवर बोटीत गिटार वाजवायचा तो,
मनिलाला परत जाताना म्हणाला,
जपून, हा 'स'वर चिडतो.
खरंय. लवूचं प्रत्येक 'सांज' शिट्टी मारतं.

स्टँड म्हणजे फरशी पुसायचा दांडा.
तोंडासमोरच्या जाळीला बायकांचा पातळ मोजा हवा होता,
तो आणायला लवू दोन दिरहमच्या दुकानात गेला
आणि कॅशवरच्या बाईने "साईझ?" विचारताच
पैसे तिथेच ठेवून पळून आला.
मग मी गेलो. म्हटलं, मोठ्यात मोठा.

लवू मेस्त्री, कुडाळच्या अलीकडचा.
दिवसभर सज्जाच्या वर्कशॉपात
दुसऱ्यांच्या बेडरूमची कपाटं करतो.
आमच्या कपाटात लाकूड कुठे बोलतं ते त्यालाच कळलं.
आतून पुठ्ठा मारला, बोटाच्या पेराने वाजवून बघितलं,
म्हणाला, "आता गप रवतला."

गाणं त्याचंच, सिमेंटच्या पावतीमागे लिहिलेलं.
बापाने बांधलेल्या एका होडीचं,
जी पुरी झाली आणि पाण्यात गेली नाही.
का गेली नाही ते गाण्यात नाही.
मी विचारलं, तर म्हणाला, चाल बसत नव्हती.

रात्री एक चाळीसला वरच्या मजल्यावर
कोणीतरी काहीतरी खाली ठेवतं.
धप्प.
बादली असेल, किंवा पाण्याचा वीस लिटरचा कॅन.
रोज. मीटर तेवढ्यापुरता उडी मारतो.
अकरावा टेक सगळ्यात चांगला होता
आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडावर
धप्प.

हेडफोनचा डावा कान मेलेला आहे,
म्हणून सगळं मधोमध ठेवतो.
आमच्या गाण्यात कोणी डावीकडे उभं राहत नाही.
तपासायला मग रहमत गुलची पिकअप,
जिच्यात सगळ्याचाच ढोल होतो,
आणि स्टीलच्या पेल्यात उभा केलेला फोन,
ज्यात कशाचाच होत नाही.
दोन्हीकडे जरा बरं वाटेल तिथे थांबायचं.
रहमतने डोळे मिटून ऐकलं, संपल्यावर विचारलं,
हा दरवाजा कोणाचा?

खालचे आवाज कापून बघितले.
धप्प गेलं,
पण लवूच्या छातीतलंही काही गेलं,
तो रेडिओतल्या बातम्यांसारखा दुःखी झाला.

ठरलं, पुन्हा घ्यायचं.
गुरुवारी दोनपर्यंत वाट पाहिली. वरती काही नाही.
शुक्रवारीही नाही.
शनिवारी जिन्यात कागद चिकटवलेला,
खाट रिकामी आहे, शाकाहारीला प्राधान्य.
वॉचमन म्हणाला, गेला तो, दोन बॅगा होत्या.
नाव? त्याने वही उघडली,
आणि त्या रकान्यात फक्त खोलीचा नंबर.

तर आता आमच्याकडे स्वच्छ टेक आहे.
घाम नाकावरून मोज्यावर पडण्याआधी संपलेला,
एकही 'स' न चिडलेला.
पण दुसऱ्या अंतऱ्याआधी लवू
अर्धा सेकंद थांबतो, मान जराशी वर,
आणि ओळ उशिरा उचलतो.
मी दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा
तो खाटेच्या कडेवर बसून नखातला फेविकॉल काढत राहिला.

"अर्धा सेकंद मागे ओढता येईल," मी म्हटलं.
"येईल," तो म्हणाला.

फाईलचं नाव ठेवलं: होडी, टेक अकरा, बादलीसकट.
एसी लावला.
शाजी झोपेतच म्हणाला, "नन्नि,"
हा एक शब्द मला येतो.