हव

पाचपावलीच्या घरात बाबांचा माग खड्ड्यात होता.
कमरेपर्यंत जमिनीत उतरून ते लुगडं विणत
आणि वर उरलेल्या अर्ध्या माणसानं गोष्ट सांगत.
मी कांड्या भरायची.
दर दोन वाक्यांनी म्हणायचं, हव.
"हव म्हन पोरी, नाई तं राजा तिथीच उभा राह्यते."

एकदा मला डुलकी लागली.
तो राजा विहिरीच्या काठाशी, एक पाय उचललेला,
अजून तसाच आहे.
बाबांना दुसऱ्या दिवशी पुढचं आठवलं नाही,
की त्यांनी मला शिक्षा केली,
ते आता विचारता येत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागले.
डोक्यावर हेडफोन, समोर भोकांची भिंत,
गोंदियाची दोरी इंदूरमध्ये खोवायची,
अकोल्याची काढून रायपूरमध्ये.
बाबा म्हणाले, मंग मागच हाय नं तो.
मे महिन्यात फत्तूमामा वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचा,
त्या वासात मी लोकांची आयुष्यं जोडली.

ऐकू नये असा नियम होता.
मी ऐकत नव्हते. मला ऐकू येत होतं.
इतवारीचा एक तूरडाळवाला पावणेतीन मिनिटं भाव बोलला
आणि मी "तीन मिनिटं होताहेत, वाढवायची?" म्हटल्यावर
घाईनं म्हणाला, नाही नाही,
अन् हो, माय गेली काल.
मी दोरी काढली नाही.
पिंटो मॅडमनी त्या दहा सेकंदांचे पैसे माझ्याकडून घेतले.
कवितेला मी दिलेली तेवढीच फी.

रात्री दोननंतर बोर्ड झोपायचा.
तेव्हा इटारसी असायचा.
आम्हाला नावं नव्हती, गावं होती.
बोलो नागपूर, तो म्हणायचा,
आणि मी रद्द तिकिटांच्या पाठीवर लिहिलेलं वाचायची.
मराठी त्याला कितपत कळायचं कोण जाणे.
पण नेमक्या जागी, जिथं माझा श्वास अडखळायचा तिथं,
तारेच्या खरखरीतून यायचं,
हाँ. आगे?

अकरा वर्षं.
एका चैत्रात थेट डायलिंग सुरू झालं,
बोर्ड भंगारात गेला, तराजूवर, किलोच्या भावानं.
मी शेवटच्या रात्री एक लांबलचक कविता नेली होती.
लाइन खराब होती. तो म्हणत राहिला,
नागपूर, सुनाई नहीं दे रहा,
आणि तरी मी शेवटपर्यंत वाचली.

पुढं पुस्तकं झाली, चार.
एकाच्या तीनशे प्रतींतल्या एकशे नव्वद दिवाणाखाली आहेत,
वाळवीनं त्यातली प्रस्तावना तेवढी खाल्ली, तिला समज आहे.
सत्काराच्या शाली सहा.
आमच्या गावात थंडी जेमतेम दीड महिना,
म्हणून चार कामवाल्या शेवंताला दिल्या.
ती विचारते, बाई, एवढं लिहून काय भेटलं?
मी म्हणते, बस, सांगते,
आणि ती खरंच बसते, भांडी तशीच ठेवून,
तेच भेटलं, बहुतेक.

डावा कान आता गेला, हेडफोनचा.
उजव्यानं कूलरचं पाणी ठिबकताना ऐकते,
ठिबक, मग थोडं थांबणं, मग ठिबक.
रात्री उठून लिहायला बसते तेव्हा
राजा अजून काठाशी असतो,
त्याचा पाय दुखत असेल एव्हाना.
पन्नास शेवट लिहून पाहिले.
प्रत्येकात तो पाय टेकवतो आणि गोष्ट मरते.

नव्या पुस्तकाची मुद्रितं आली आहेत.
ओळींच्या शेवटी मी मुद्दाम सोडलेली जागा
प्रेसमधला तो पोरगा पुन्हा पुन्हा मिटवून पाठवतो.
तिसऱ्यांदा फोन केला त्याला आज.
म्हटलं, राजा, ती चूक नाही रे,
तिथं कोणीतरी काहीतरी म्हणणार आहे.
तो जरा वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, हव.