अकरा मिलिमीटर

मंगळवारी चौथीचा वर्ग येतो.
दाराशी चोवीस जोड बूट, त्यांच्यातून ओघळणारा बर्फ
रबरी चटईवर. मी जोड मोजते. पंचवीस भरले,
तर पंचविसावा मार्केताबाईंचा.

वरच्या दालनात कागद कारखान्याची पितळी शिट्टी,
रूळ, पट्टे, कामगारांच्या नावांची लांबलचक पाटी.
ते सगळं शेवटी.
आधी तळघर, मेणकापड घातलेली टेबलं, आणि चिखल.

"हात लावला तर चालेल?" टोउको विचारतो.
अरे, त्याचसाठी तर आलात.

जानेवारीत आम्ही तळ्यावरचा बर्फ कापला,
भोकातून खाली सोडली कोरड्या बर्फाने भरलेली
एक चपटी पोकळ पट्टी.
तळाचा गाळ तिला गोठून चिकटला
आणि तसाच वर आला,
माझ्या हाताएवढा लांब, न हलता, न मिसळता.

पेटी उघडताच वास. नाकं मुरडतात.
"कुजकं अंडं!" कुणीतरी आनंदाने ओरडतं.

जुन्या वाचनालयाची कार्डं वाटते.
आडवं खरवडा, उभं नको.
उभं ओढलं की वर्षं एकमेकांत कालवतात.
खरवडता खरवडता उमटते
एक फिकट रेघ, वितळत्या बर्फाने वाहून आणलेली माती,
मग एक काळसर, बर्फाखाली सावकाश बसलेलं काहीबाही.
दोन्ही मिळून एक वर्ष. टाचणी टोचा, मागे चला.

दहाव्या वर्षाशी टाचण्यांची झुंबड.
सगळे तिथेच जन्मले!
होदान मात्र चौथ्या रेघेशी थांबते.
"मी इथे आले ती ही.
हिच्या खाली मी नाही."
पिहला तिला समजावते, दहाच्या खाली
आपल्यातलं कुणीच नाही.
होदान जरा विचार करते,
आणि मोजत राहते.

मग काळा पट्टा.

त्यात रेघा नाहीत. मोजणी तिथे बुडते.
भिंगाखाली लाकडाचे तंतू, लोकर पिंजल्यासारखे.
पट्टी लावून मुलं लिहितात: अकरा मिलिमीटर.
"म्हणजे किती वर्षं?"
सांगता येत नाही. तेव्हा तळाशी
वर्षं वेगळी ठेवणारं कुणी उरलं नव्हतं,
किंवा उरले ते किडे फारच थोडे,
किंवा कारखाना थांबतच नव्हता.
मी तीन उत्तरं देते,
माझ्या वहीत एकच लिहिलेलं आहे.

टोउको माझ्या बाहीला धरतो. हळूच:
"हे माझ्या आजोबांनी केलं?
तार्मो आजोबांनी? ते लगद्याच्या हौदावर होते."

यावर वहीत काही नाही.
माझे वडीलही होते, मी म्हणते, रात्रपाळीला.
त्या अकरा मिलिमीटरमध्ये माझी पहिली सायकल आहे.
निळी. घंटी नव्हती तिला.

तो पट्ट्याकडे बघतो, सायकल शोधत असल्यासारखा.

तेवढ्यात होदान हाक मारते.
काळ्याच्या वर, बोटभर वर,
तिच्या भिंगात एक तांबूस कवच,
वाळूच्या कणाहून लहान:
डासासारख्या एका माशीच्या अळीचं डोकं.
"मेलेली आहे," पिहला नाराज.
हो, पण आधी जगली ना, होदान म्हणते,
इथे, एवढ्या घाणीवर येऊन.

हात धुतले, तरी वास राहिला.
वर जाऊन सगळ्यांनी शिट्टीचे फोटो काढले.
टोउको पाटीसमोर उभा. चौथी ओळ, सातवं नाव.
बाजूलाच सूचना आहे, माझ्याच अक्षरात:
कृपया हात लावू नये.

नखाखाली थोडा गाळ उरला होता त्याच्या.
मी दुसरीकडे पाहिलं,
खाली जाऊन बूट मोजले,
एक हातमोजा जास्तीचा निघाला.
पाटी बुधवारी पुसते.
या बुधवारी राहून गेली.