तिरपा उजेड

दड्डीत दूध डेअरीच्या मागची खोली.
टेबलावर साखरेचं पोतं, पोत्यावर हाडं.
मे महिन्यात हिडकलचं पाणी मागं सरलं
की गोट्यांच्या थरातून ही वर येतात,
दगड झालेली, हाताला गार.

सरळ उजेडात प्रत्येक हाड निर्दोष दिसतं.
तिरपी धर म्हटलं की भरमाणी बॅटरी घेऊन
भिंतीला टेकतो,
आणि दातांच्या जागी सावल्या येऊन बसतात.

खळगा, म्हणजे दात टेकला, आत गेला नाही.
भोक, म्हणजे गेला.
ओरखड्यात दात घसरतो, हाड दाद देत नाही.
चर लांब असतो, रुंद असतो,
त्याला घाई नव्हती.
रुंदी साडेचार मिलिमीटर. प्राणी, बहुधा तरस.
वहीत हा 'बहुधा' इतक्यांदा आलाय
की आता मी नुसता 'ब' लिहिते.

भरमाणी वीस वर्षं मेंढरांमागं होता.
"लांडगा खातंय ते ऐकू येत न्हाई, बाई.
तरस खातंय ते दोन शेतं पल्याड."
आवाजाला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
हाडाला तो एलुबू म्हणतो, दाताला हल्लू,
मोजतो मात्र मराठीत,
"एक, दोन, ह्यो तिसरा खोटा, झाडाच्या मुळीचा हाय."
भिंगातून बघितलं. मुळीचाच होता.

अकरा नंबर, रानबैलाची बरगडी.
दोन भोकं, पण काठ गोलसर,
भोवती नवं हाड चढलेलं.
म्हणजे बैल सुटला.
महिना दोन महिने तरी याच घटप्रभेकाठी
सुजल्या कुशीनं चरत राहिला.
मी तीनदा तपासलं, मग पेन खाली ठेवलं.
"आणि तरस?" भरमाणीनं विचारलं.
"त्ये काय खाल्लं त्या दिवशी?"
मला हे सुचलंच नव्हतं.

बारा नंबरवर एक पांढरा चर,
ताजा, एका बाजूनं खोल.
भरमाणीची बॅटरी हलते.
"ह्यो माझ्या कुदळीचा.
खरं मी हळूच मारलो होतो."

पेनाचं टोक 'प्राणी' या रकान्यावर.
बाहेर कॅन आदळतात, संध्याकाळचं दूध आलंय,
कुणीतरी फॅट कमी लागलं म्हणून भांडतंय.

"लिव्हा की," तो म्हणतो.