वाट्यांचा हिशोब

काळ्या मातीत वाढलेल्या माणसानं
रेतीवर हिरवळ आखायला घेऊ नये.
माझं गाव दारव्ह्याकडचं.
आमची माती एकदा प्याली की आठ दिवस धरून बसते,
रुसलेल्या आत्याबाईसारखी.
त्याच सवयीनं मी कागदावर लिहिलं:
तीन दिवसांतून एकदा, तासभर, भरपूर.

आणि इथे, वैनगंगेच्या काठावर,
मुलींच्या शाळेच्या खो-खो मैदानाला
तासभर पाणी दिलं.
रेतीनं ते हातात घेतलं न घेतलं
आणि खालच्या खाली नदीला परत केलं.
तिसऱ्या दिवशी गवत
पायाखाली पापडासारखं वाजलं.

शिपाई चुडामण हटवार काही बोलला नाही.
एक गडवा आणला, माझ्यापुढे ओतला.
"मोजा जी म्याडम."
चार म्हणेस्तोवर पाणी नव्हतं,
नुसता ओला गोल, आणि तोही फिकटत चाललेला.
"इले घोट घोट द्या लागते.
ताप आलेल्या पोट्ट्याले देतो तसं."

मी कागद उलटा केला. पाठीवर नव्यानं आखलं.
फवारा ते फवारा सहा मीटर,
एकाचा थेंब दुसऱ्याच्या पायाशी पडावा इतकं जवळ.
कोपऱ्यात पाव चक्राचे, कडेला अर्धे,
म्हणजे मुख्याध्यापिकेच्या स्कूटीला आंघोळ नको.
टाकी रात्री भरायची, लाइन असते तेव्हा.
दुपारी नाही: पंचेचाळीस अंशांत
थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच कुठेतरी जातो.
संध्याकाळी नाही: वारा पाणी उचलून
शेजारच्या सिंगाड्याच्या तळ्यात टाकतो,
जिथे त्याची काही गरज नाही.
पहाटे चारला सात मिनिटं.
साडेपाचला पुन्हा सात.
रोज.

गवत म्हणून हरळी निवडली.
घरी फोनवर सांगितलं, सोळा पोती मागवली.
बाबा बराच वेळ बोललेच नाहीत.
चाळीस वर्षं ते हरळी खणून काढत आले,
पेराला पेर, बांधाच्या पोटात हात घालून;
एक कांडी राहिली तर पुढच्या हंगामात
तिचा अख्खा गोतावळा उभा.
मग हळूच विचारलं,
"पैसे देऊन?"

पंधरा दिवसांनी परीक्षा. गवताची नाही, माझी.
पोषण आहाराच्या चोवीस वाट्या
मुलींनी मैदानभर मांडल्या, चार-चार पावलांवर.
लांबून वाटावं, पंगत बसणार आहे
आणि जेवणारे अजून आलेले नाहीत.
फवारे सुरू झाले. पहिल्या उन्हात
वाट्या टणटण वाजू लागल्या,
कुठे दाट, कुठे विरळ, आणि मी
नुसत्या कानांनी ओळखलं
उत्तरेचा खांब उपाशी राहतोय ते.

सातवीची टिकेश्वरी कंपासमधली पट्टी घेऊन
वाटीवाटीत बुडवत गेली.
सहा. सहा. पाच. सात. सहा.
खांबाजवळ दोन.
"मॅडम, खांबामागं पाणी लपते."
ती तिथेच उठते, तिथेच वळते, तिथेच पडते;
गुडघ्यावरच्या खपल्या
तिनं मला नकाशा दाखवावा तशा दाखवल्या.
तिच्या बोटाच्या टोकाशी
मी आणखी एक फवारा लिहिला.
अंदाजपत्रकात तो नव्हता.
चुडामण म्हणाला, पाइपाचा तुकडा आहे माझ्याजवळ,
कुठला ते इचारू नका.

तक्ता रात्री मी स्वच्छ उतरवला.
सतराव्या वाटीपुढे आकडा नाही.
टिकेश्वरीच्या गोल अक्षरात लिहिलंय:
कुत्रा पिला.
मी ते खोडलं नाही.
सरासरी तेवीसनं काढली.