उलटं लागलेलं पान

व्हर्डीने भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली,
मैद्याच्या खळीत चिमूटभर तिखट, उंदरांसाठी.
केंटकीच्या डोंगरातला वारा फटीफटीतून यायचा,
आता बातम्यांना अडखळतो.

खाण बंद. एल्बर्ट घरीच.
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही,
म्हणून खुर्चीचा चौथा पाय
तिसऱ्यांदा तासतोय.

एक पान उलटं लागलं.
सोफ्यांची जाहिरात, कुणाचा तरी दिवाणखाना
छताला लोंबकळतोय.
धाकटी टेनी मान वाकडी करकरून
त्यावरच अक्षरं शिकली;
चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तकही आधी उलटंच धरते.

रविवारी पास्टर आले, न सांगता.
घेवड्याचं पातेलं एक, माणसं सहा.
व्हर्डीने पाणी वाढवलं, मग मीठ,
मग पिठाच्या गोणीचं टेबलक्लॉथ अंथरलं,
गिरणीचा निळा छाप काही केल्या न गेलेलं.

सगळ्यांनी डोळे मिटले.
तिने एक उघडा ठेवला,
बिडाच्या तव्यातल्या कॉर्नब्रेडवर.

देवाला चालत असावं.
त्याच्या आईनेही
गोठ्यातल्या त्या रात्री
देवदूतांच्या आधी
वारा कुठून येतो तेच पाहिलं असेल.